पाण्याचा पूर्ण पत्ता

ज्या वर्षी बापूंच्या मुलीचं लग्न एकदा ठरलं, एकदा मोडलं आणि शेवटी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीची, आक्कांची, वाचा गेली. पुन्हा ठरल्याची बातमी घेऊन बापू त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या खुर्चीत बसून होत्या. एरवी बातमी अर्ध्यावर असतानाच आक्कांचं तिच्यावरचं मत पूर्ण झालेलं असायचं. त्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.

डॉक्टरांनी सांगितलं, समजतंय सगळं, डावा हातही चालतोय, बोलणं येईल किंवा येणार नाही. बापूंची सगळी नोकरी रस्ते खात्यात नकाशे काढण्यात गेली होती, त्यामुळे 'होईल किंवा होणार नाही' ही भाषा त्यांच्या कानाला नवी नव्हती. पण ती रस्त्यांबद्दल ऐकणं वेगळं आणि बहिणीबद्दल ऐकणं वेगळं. आक्का बोलायच्या म्हणजे किती बोलायच्या, तर त्यांच्या घरचं घड्याळ बंद पडल्याचं महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण टिकटिक कुणाला कधी ऐकूच आली नव्हती.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचा एक पुठ्ठा दिला. पेला, उशी, पंखा, रडका चेहरा. हवं त्या चित्रावर बोट ठेवायचं. आक्कांनी तो पुठ्ठा डाव्या हातानं भिरकावला, तो थेट त्यांच्या मुलाच्या कानशिलाला लागला.

"आईंचा डावा हात छान सुधारलाय," सून म्हणाली.

तेव्हा बापू उठून उभे राहिले आणि बोलू नये ते बोलून गेले. "मी करतो. बोलका फळा. चित्रावर टिचकी मारली की संगणक बोलेल."

बापू निवृत्तीनंतर संगणकाच्या क्लासला जात होते, हे खरं. प्रोग्रॅम लिहायला शिकत होते, हेही खरं. पण आतापर्यंत त्यांच्या हातून एकच प्रोग्रॅम पुरा झाला होता. साल घातलं की ते लीप वर्ष आहे की नाही, हे तो सांगायचा. बायकोनं तो पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं होतं. ती जखम अजून ओली होती.

आता आवाज कुणाचा घ्यायचा, हा पहिला प्रश्न. सुनेला सर्दी. भाचा म्हणाला, "मामा, मी आईच्या वतीनं 'मला उशी द्या' म्हणणं बरं दिसत नाही." उरली बापूंची बायको. आता या नणंद-भावजयींचं एका शिवणयंत्रावरून बिनसलं होतं, ते इतकं जुनं झालं होतं की यंत्र कुठे गेलं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, फक्त चूक समोरचीची होती एवढं पक्कं होतं. बापूंनी भीत भीत विचारलं. बायको कणीक मळता मळता म्हणाली, "म्हणजे वन्संना पाणी हवं असेल तर ते माझ्या तोंडून मागायला लागणार?"

"तसंच."

"आणा तो माईक इकडे," ती म्हणाली. हात धुवायलाही थांबली नाही.

"पाणी द्या." "उशी सरकवा." "पंखा बंद करा." "दुखतंय." असे सगळे आवाज टेपले गेले. प्रत्येक आवाजाची एक फाइल. आणि ती फाइल संगणकात कुठे राहते, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं, म्हणजे तिचा पत्ता लिहून द्यावा लागतो. इथे बापूंच्यातला रस्ते खात्याचा माणूस जागा झाला. त्यांच्या कचेरीत नकाशा मागायचा म्हटला तर इमारत, मजला, खोली, कपाट, कप्पा आणि नळी, एवढं लिहिल्याशिवाय शिपाई जागचा हलत नसे. अर्धवट पत्त्यावर गेलेला नकाशा परत आला नाही, असं बापू नव्या मुलांना नोकरीभर बजावत आले होते. तेव्हा त्यांनी प्रोग्रॅममध्ये एकेका आवाजाचा पूर्ण पत्ता लिहिला. डी नावाचा ड्राइव्ह, त्यात कागदपत्रांचा फोल्डर, त्यात घरगुती, त्यात आक्का, त्यात आवाज, त्यात पाणी. प्रत्येक दोन नावांच्या मध्ये, विंडोजच्या पद्धतीप्रमाणे, डावीकडे कललेली तिरपी रेघ. छापून काढलं असतं तर भिंतीवर लावावं असं काम झालं होतं.

घरच्या संगणकावर फळा बोलला. पेल्यावर टिचकी मारली आणि बायकोचा आवाज आला, "पाणी द्या." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तुमचे हात मोडलेत का?" एवढा तो आवाज हुबेहूब होता.

आक्कांकडच्या प्रयोगाला शेजारचे कॅशियरसाहेब आले. बँकेत आयुष्य काढल्यामुळे त्यांना कुठल्याही विषयावर सल्ला देता येत असे. त्यांच्या मागून त्यांची बायको, जिन्यातले एक निवृत्त ड्रायव्हर आणि आपण चुकून आलो असं म्हणत बसून राहिलेला एक गृहस्थ. घरात संगणक एकच, भाच्याचा, विमा कंपनीनं कामासाठी दिलेला. बापूंनी पेनड्राइव्ह लावला, फळा पडद्यावर आणला आणि म्हणाले, "आक्का, दाब."

आक्कांनी बाण पेल्यावर नेला आणि बोट दाबलं. काही नाही. पडद्याच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात ओळ आली, फाइल सापडली नाही.

"आवाज वाढवा," कॅशियरसाहेब म्हणाले.

"फाइल सापडत नाहीये."

"तेच म्हणतो मी. आवाज वाढवा म्हणजे सापडेल."

भाचा वाकून बघायला लागला. "मामा, हे लिनक्स आहे हो. विंडोज नाही. इथे डी ड्राइव्ह नसतोच. आणि तिरप्या रेघा इथे उजवीकडे कलतात."

"का?" बापूंनी विचारलं. या प्रश्नाचं पुढे त्यांना बऱ्याच जणांनी उत्तर दिलं. पण एकाच्या रस्त्यावर गाड्या डावीकडून चालतात आणि दुसऱ्याच्या उजवीकडून, तरी दोघेही पोचतात, यापलीकडे त्यातून हाताला काही लागलं नाही. तेवढं त्यांना आधीच माहीत होतं.

आक्का त्यांच्याकडे बघत होत्या. लहानपणी बापूंनी सायकल गटारात घातली होती, तेव्हा बघितलं होतं तसंच.

मग बापूंनी भाच्याच्या संगणकावरचा नवा पत्ता विचारून घेतला. तोही पूर्ण. सगळ्यात वरचं मूळ, त्यात घर, त्यात भाच्याचं नाव, त्यात आक्का, आणि मध्ये उजवीकडे कललेल्या रेघा. रेघा एकेक करून बदलायच्या तर मान धरते, म्हणून त्यांनी संगणकालाच सांगितलं की जिथे जिथे डावी रेघ दिसेल तिथे उजवी कर. संगणकानं ते इतक्या मनापासून केलं की ज्या रेघा पत्त्यातल्या नव्हत्या, ओळ कुठे तोडायची एवढंच सांगायला होत्या, त्याही फिरवल्या. फळ्यावर प्रत्येक चित्राखाली कचरा उमटला. तो झाडण्यात आठवडा गेला.

त्यानंतर एक आवाज वाजला. एकच. "दुखतंय."

झालं होतं असं, की बापूंनी फाइलींची नावं इंग्रजी अक्षरात, पहिलं अक्षर मोठं काढून, मानानं दिली होती. प्रोग्रॅममध्ये मात्र तीच नावं लहान अक्षरात लिहिली होती. विंडोजला असल्या मानापमानाचं काही नसतं, ते दोन्ही एकच समजतं. लिनक्सच्या लेखी मोठ्या अक्षराचं पाणी वेगळं आणि लहान अक्षराचं पाणी वेगळं. आपल्या भाषेतल्या अक्षरांत थोरली-धाकटी पाती नसते, त्यामुळे बापूंना हे सुचणं शक्यच नव्हतं. 'दुखतंय' तेवढी घाईघाईत लहान अक्षरात जतन केली होती. तीच चालली.

बापूंना वाटलं, एक चाललं म्हणजे बाकीची चालतीलच. ते घरी गेले. इकडे आक्कांनी पेला दाबला, गप्प. उशी दाबली, गप्प. रडका चेहरा दाबला आणि खणखणीत आवाज आला, "दुखतंय!" इतक्या दिवसांनी आपण काही केलं आणि कुणीतरी बोललं, याचा त्यांना असा आनंद झाला की त्यांनी पुन्हा दाबला. सून धावत आली. "आई, कुठे दुखतंय?" "दुखतंय!" "पोटात का?" "दुखतंय! दुखतंय!" सुनेनं डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी छाती बघितली, पोट दाबलं, पाय वाकवून पाहिले. आक्का हसऱ्या चेहऱ्यानं सगळं करून घेत होत्या आणि मधूनमधून चित्र दाबत होत्या. डॉक्टर जाताना म्हणाले, "यांना काहीही दुखत नाही. हे यंत्र ज्यानं केलं त्याला मात्र मला एकदा बघू द्या."

बापूंनी पुन्हा जाऊन सगळ्या नावांची पहिली अक्षरं लहान केली. दिवसभर बसून. मग तिथला माईक चालतो का पाहावं म्हणून सहज स्वतःच्या आवाजात एक चाचणी टेपली. तिला काहीतरी नाव द्यायचं म्हणून दिलं पाणी, आणि सवयीनं पहिलं अक्षर मोठं काढलं. लिनक्समध्ये दोन्ही पाणी शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदत होती. मग घरी एक स्वच्छ प्रत असावी म्हणून बापूंनी सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं. पेनड्राइव्हला ही थोरली-धाकटी पाती मान्य नव्हती. त्यानं विचारलं, या नावाची फाइल आहेच, तिच्या जागी नवी ठेवू का? खात्यात समोर आलेल्या कागदावर 'होय' लिहिण्याची सवय. बापूंनी होय म्हटलं. आणि तीच स्वच्छ प्रत भाच्याच्या संगणकावर परत चढवून जुनी पुसून टाकली, घोटाळा नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. "मामा, आईंनी पाणी मागितलं की तुमचा आवाज येतो. 'हॅलो, हॅलो, अगं जरा चहा टाकतेस का' असं म्हणताय तुम्ही."

"मग तू काय केलंस?"

"चहा दिला. सकाळपासून चौथा कप. त्यांच्या घशाला कोरड पडलीय हो. पण यंत्र चहाच म्हणतंय, मी काय करू?"

बापूंनी फोन ठेवला आणि ते पुन्हा प्रोग्रॅम उघडून बसले. मुलीच्या सासरची माणसं पत्रिकेचा मजकूर बघायला यायची होती, तो बापूंनी अजून बघितलाच नव्हता. बायको म्हणाली, "अहो, सोडून द्या आता. इतकं दमायचं असतं का?"

"तिला पाणी मागता येत नाहीये," बापू म्हणाले.



त्यांनी पुन्हा दुरुस्ती करायच्या आत भाच्याच्या कंपनीनं यंत्रांची तपासणी काढली. भाच्याच्या संगणकात मालकाविना एक प्रोग्रॅम आढळला, खुलासा करावा. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच चला." बापू इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काचेच्या पलीकडे एक बाई बसल्या होत्या.

"हा प्रोग्रॅम कुठल्या विभागासाठी आहे?"

"माझ्या बहिणीसाठी."

"त्या कुठल्या विभागात आहेत?"

"खुर्चीत," बापू म्हणाले. "म्हणजे घरी असते. बोलता येत नाही तिला."

बाईंनी मान हलवली. वाईट वाटल्यासारखी. पण विभागाचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. "प्रोग्रॅमच्या वर्णनात तुम्ही 'पाणी' लिहिलंय. पाण्याने झालेलं नुकसान का? तसं असेल तर दाव्यांच्या विभागाकडून मंजुरी आणा."

दाव्यांच्या विभागातले गृहस्थ जेवायला गेले होते. ते आल्यावर म्हणाले, नुकसान झालंय की व्हायचंय? बापूंना खरं उत्तर माहीत होतं, पण ते त्या कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी कंपनीनं संगणक ताब्यात घेतला आणि धुऊनपुसून, कोराकरकरीत करून परत दिला. आक्कांचा फळा, पाणी, उशी, पंखा, सगळं गेलं. भाच्याला ताकीद मिळाली. तो घरी येईपर्यंत बापूंच्या दोन पावलं पुढे चालत राहिला.

त्या आठवड्यात बापू खरोखरच थकले. क्लासला गेले ते शिकायला नव्हे, नाव काढायला. क्लासच्या मॅडम त्यांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या आणि नेहमी घाईत असायच्या. त्यांनी बापूंच्या पेनड्राइव्हवरचा प्रोग्रॅम उघडून बघितला.

"काका, हे काय केलंत? प्रत्येक ठिकाणी अख्खा पत्ता?"

"पूर्ण पत्ता लिहिलेला बरा असतो, मॅडम."

"अहो, हा पत्ता फक्त तुमच्या घरचा आहे. दुसऱ्याच्या घरात तुमचं कपाट कुठून येणार? जिथे प्रोग्रॅम आहे तिथून बघायचं. 'माझ्या शेजारच्या आवाज नावाच्या फोल्डरमध्ये पाणी', बस. आणि रेघ आपण काढायचीच नाही. नावं द्यायची आणि म्हणायचं, तुझ्या पद्धतीनं जोड. प्रत्येक मशीनला आपापली रेघ ठाऊक असते. मी शिकवलं होतं हे."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात."

"तेव्हा माझी दाढ काढली होती," बापू म्हणाले. हे खरं होतं, पण ऐकायला खोटं वाटलं.

'माझ्या शेजारी' एवढाच पत्ता लिहिताना त्यांना कसंनुसं झालं. खात्यात असा कागद कुणी आणला असता तर त्यांनी तो त्याच्या तोंडावर परत केला असता. तरी त्यांनी लिहिलं. सगळी नावं लहान अक्षरात, सगळीकडे सारखी. बायकोनं सगळे आवाज पुन्हा दिले, या वेळी हात धुऊन.

संगणकाची सोय कॅशियरसाहेबांनी केली. त्यांच्या मुलानं नवा घेतला म्हणून जुना घरी पडला होता. झाकणावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. बापूंनी ते पाहिलं आणि खालीच बसले. हा तिसराच. विंडोजही नाही, लिनक्सही नाही.

"आता याच्या रेघा कुठे कलतात?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक," कॅशियरसाहेब म्हणाले. "पण आवाज मी आधीच वाढवून ठेवलाय."

बापूंनी पेनड्राइव्ह लावला. डोळे मिटून घ्यावेसे वाटले. आक्कांनी पेला दाबला. "पाणी द्या," बायकोचा आवाज म्हणाला. उशी दाबली, "उशी सरकवा." पंखा दाबला, "पंखा बंद करा." एक अक्षरही बदलावं लागलं नाही. ड्रायव्हरनी टाळ्या वाजवल्या. सुनेनं आधी पाणी आणलं, मग उशी सरकवली, मग पंखा बंद केला. आक्का पाणी प्यायल्या आणि त्यांनी डाव्या हातानं संगणक हळूच, पण नक्की, बाजूला सारला.

"काय झालं, आक्का? चालतंय की आता."

आक्का खिडकीबाहेर बघू लागल्या. सगळे एकेक करून निघून गेले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी फळ्याला हात लावला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तहान लागली की पेल्याकडे बघायच्या, सून द्यायची.

बापूंनी घरी येऊन जेवताना हे सांगितलं. सांगताना ते खाली ताटात बघत होते. "सगळं दिलं तिला. पाणी दिलं, उशी दिली. आणखी काय हवं माणसाला?"

बायको म्हणाली, "अहो, वन्संनी उभ्या आयुष्यात कधी कुणाकडे पाणी मागितलंय? त्यांना मागायचं नाहीये. त्यांना बोलायचंय."

मग ती माईकपाशी जाऊन बसली. पदर खोचला, हनुवटी वर केली, डावी भुवई चढवली, आणि तिच्या तोंडून आक्का बोलल्या. साक्षात आक्का. तोच नाकातून येणारा सूर, तोच शेवटच्या शब्दावर दिलेला हिसका. "थांबा! आधी माझं ऐका!" मग, "तुला काही कळत नाही, बाप्या." मग, "हे असं असतं होय?" मग नुसताच तो हुंकार, जो ऐकून आजवर दोन-तीन स्थळं मागे फिरली होती.

बापू घास हातात धरून बघत राहिले. "तू हे कधी शिकलीस?"

"इतकी वर्षं नक्कल करतेय मी त्यांची," बायको म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की. पोरं हसून हसून लोळायची."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघंही गेले. फळ्यावर चार चित्रं वाढली होती.  आपली नक्कल आहे हे कळायला आक्कांना क्षणही लागणार नव्हता. बायको दाराशीच उभी राहिली, पायात चपला तशाच ठेवून.

आक्कांनी पहिलं नवं चित्र दाबलं. "थांबा! आधी माझं ऐका!"

 आक्का पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या भावजयीकडे बघितलं. खूप वेळ. मग त्यांचं तोंड वाकडं झालं, खांदे हलले, आणि घशातून एक घरघर आली. सून घाबरून पुढे धावली. पण ती घरघर नव्हती. आक्का हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी चित्रांवरून बाण फिरवून बायकोसाठी हवं ते शोधलं आणि दाबलं.

"हे असं असतं होय?"

"हो, वन्सं," बायको म्हणाली. "असंच असतं." आणि चपला काढून आत आली.

त्यानंतर आक्कांकडे कुणी गेलं आणि जरा मोठ्यानं बोलू लागलं की खुर्चीतून आवाज यायचा, "थांबा! आधी माझं ऐका!" सगळे गप्प व्हायचे. आक्का सगळ्यांकडे एकदा शांतपणे बघायच्या. पुढे त्या काही बोलत नसत. सगळे थांबलेत आणि आता बोलायची पाळी आपली आहे, एवढं त्यांना पुरायचं. कॅशियरसाहेब तर सल्ला सुरू करण्याआधी स्वतःच थांबून खुर्चीकडे बघू लागले. मुलीच्या लग्नात तो संगणक आक्कांच्या मांडीवर होता, आणि नवऱ्या मुलाला "हे असं असतं होय?" दोनदा ऐकावं लागलं.

आक्का त्यानंतरच्या फेब्रुवारीत वारल्या, एका बुधवारी सकाळी, झोपेत. त्या वेळी घरात सून होती आणि रात्री सोबतीला राहिलेली बापूंची बायको होती.